मोकळी कंबर

फोन वाजला तेव्हा लक्ष्मणरावांच्या मांडीवर कोसा साडी अर्धी उलगडलेली होती आणि समोर सानगडीहून आलेल्या मायलेकी पदराच्या काठाकडे डोळे लावून बसल्या होत्या. लग्नाची खरेदी, तिथे घाई करून चालत नाही, हे त्यांना इतक्या वर्षांत पाठ झालेलं. त्यांनी मानेनंच ‘पाहा, निवांत पाहा’ म्हटलं आणि फोन कानाला लावला. पलीकडून एक तरणा, थोडा बिचकलेला आवाज आला. “काका, मी तेजस्विनी बोलून राहिली. हाडं मोजाच्या मशीनवरची. तुमची तपासणी पुन्हा करा लागते.” लक्ष्मणराव हसले. परवाच त्यांनी साऱ्या आळीत सांगून टाकलं होतं की म्हाताऱ्याचा कणा अजून टणक आहे म्हणून. “काहून? रिपोर्ट तं चांगला आला म्हणत होते तुमी.” “चांगला आला म्हणूनच तं,” पोरगी म्हणाली. “खुब्याचं हाड थोडं कमजोर दाखवते अन् कणा एकदम तरण्या माणसासारखा. असं होत नाही. नागपूरच्या डॉक्टरनं फोटो पाह्यला, तं चौथ्या मणक्यावर काहीतरी पांढरं चमकून राहिलं. धातू असन म्हणे. काका, त्या दिवशी तुमच्या कमरेले काही होतं काय?” लक्ष्मणरावांचा मोकळा हात आपोआप सदऱ्याखाली गेला. बोटांना करगोट्याचा काळा गोफ लागला आणि त्यात ओवलेला चांदीचा ताईत लागला. “नाही,” ते म्हणाले, “काहीच नव्हतं.” आणि फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. खोटं बोलायची सवय नव्हती असं नाही, दुकानदाराला थोडी असावीच लागते. पण असं बिनकामाचं खोटं ते कधी बोलले नव्हते. साडीची घडी त्यांनी भलत्याच मोडीवर घातली. शेवटी पोरीच्या आईनं ती त्यांच्या हातातून घेतली आणि नीट केली.

मुळात हाडं मोजायची ही भानगड पायजम्यावरून सुरू झाली होती. पावसाळ्याच्या आधीच कधीतरी राधाबाई त्यांना दारातून बाहेर पडताना पाहून म्हणाली होती, “अजी, पायजमा लांब झाला का तुमी आखूड झाले?” तेव्हा दोघंही हसली, आणि लक्ष्मणरावांनी सगळा दोष शिंप्यावर ढकलला. पण छातीच्या डॉक्टरांकडे गेल्यावर राधाबाईनं तेच बोलणं तिथेही काढलं, नवऱ्याची थट्टा परक्या माणसासमोर करायची तिला भारी हौस, आणि डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी लक्ष्मणरावांना भिंतीला पाठ लावून उभं केलं, उंची घेतली, जुन्या कागदावरची उंची पाहिली आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. मग म्हणाले, “तुमच्या छातीसाठी जी गोळी चालू आहे, ती बंद केली तर तुम्ही धापा टाकत बसाल. आणि चालू ठेवली तर ती हाडं पोखरणार. इतकी वर्षं ही गोळी घेणाऱ्याची हाडं मोजायचीच असतात, आणि उंची घटली असेल तर उशीर करायचाच नसतो. कणा आणि खुबा, दोन्ही मोजू. ज्याचा आकडा कमी, तो खरा धरू. त्यावरून हाडांचं इंजेक्शन ठरवू.” आणि न मोजता दिलं तर? लक्ष्मणरावांनी विचारलं. “अंदाजानं मी देत नाही,” डॉक्टर म्हणाले. “पण न मोजता बसूही नका. उद्या पाय घसरला, खुबा मोडला, तर या छातीला भूल कोणी देणार नाही.” हे शेवटचं वाक्य लक्ष्मणरावांच्या मनात रुतून बसलं. त्यांची आई तशीच गेली होती. न्हाणीत पडली, खाटेवर आली आणि खाटेवरूनच गेली. शेवटी शेवटी ती इतकी लहान झाली होती की कूस बदलायला त्यांना एका हातानं उचलता येई.

म्हणून ते मुकाट्यानं तपासणीला गेले होते. बायपासकडच्या त्या गार खोलीत भिंतीवर नियमांचा कागद लावलेला होता: सकाळी कॅल्शियमची गोळी घेऊ नये, अंगावर धातू ठेवू नये, पुढची तपासणी याच मशीनवर करावी. तेजस्विनीनं विचारलं, काका, धातूचं काही? लक्ष्मणरावांनी अंगठी काढली, घड्याळ काढलं, चाव्या काढल्या, खिशातली चिल्लर काढली, चष्मासुद्धा काढून ठेवला. करगोटा त्यांना आठवलाच नाही. तो काही घातलेला नसतो. जन्मल्यापासून कमरेला असतो. माणूस अंघोळीला कपडे काढतो तेव्हाही स्वतःला उघडाच समजतो, करगोट्यासकट. आणि तेजस्विनीच्याही घरी बाप होता, आजा होता, तिच्या डोळ्यांनाही ती काळी रेघ पुरुषाच्या कातडीसारखीच सवयीची. त्यातून म्हाताऱ्या माणसाला नाडी सैल करायला सांगून तिनं लाजेनं तोंड फिरवलेलं. दोघांच्या सवयीनं आणि तिच्या लाजेनं मिळून मशीनला फसवलं होतं. वर पोरीनं त्यांना मोठ्या उत्साहानं समजावलंही होतं. “काका, तुमचं हाड आमी तुमच्या वयाच्या माणसासंगं नाही ताडत. विशी-पंचविशीतला तंदुरुस्त माणूस असते नं, त्याच्या हाडासंगं ताडतो. त्याच्याहून किती खाली गेलं, तो तुमचा आकडा.” तिच्यासाठी ते रोजचं वाक्य होतं. लक्ष्मणराव मात्र तेव्हा छताकडे पाहत राहिले होते. विशीतलं हाड कसं असतं ते त्यांना ठाऊक होतं. वैनगंगेच्या काठी, तिसऱ्या दिवशी, राखेत हात घालून त्यांनी ते वेचलं होतं. जड होतं. दूध शिंपडल्यावरही गरम लागत होतं. म्हाताऱ्यांची हाडं राखेत हाताशी येता येता भुगा होतात, पण अंकुशची हाडं मडक्यात टाकताना वाजली होती. त्या पोरीला हे कुठून ठाऊक असणार? तिनं फक्त हलू नका म्हटलं, आणि ते हलले नाहीत.

अंकुश गेला ते साल जिल्हा तुटल्याचं. गोंदिया वेगळं झालं, लोकांचे कागद कुठल्या कचेरीत जायचे यावरून पानठेल्यांवर वाद चालायचे, आणि त्याच दिवसांत नागपूरला शिकणारा त्यांचा पोरगा मित्राच्या गाडीवर मागे बसून गावी येत असताना मौद्याच्या अलीकडे ट्रकखाली आला. घाटावर सगळं रीतीनं चाललं होतं. आळीतले जाणते दादाजी कात्री घेऊन पुढे झाले, कारण गेलेल्या माणसाच्या कमरेचा करगोटा तोडूनच त्याला चितेवर ठेवतात. जिवंत माणसाची कमर कधी मोकळी राहत नाही, नवा बांधल्याशिवाय जुना कोणी तोडत नाही, फक्त मेल्यावर ती मोकळी होते. दादाजींनी पांढऱ्या कापडाखाली हात घातला, चाचपला, पुन्हा चाचपला. मग लक्ष्मणरावांकडे पाहिलं. लक्ष्मणरावांनी स्वतः हात घातला. कमर थंड होती, गुळगुळीत होती आणि तिच्यावर काही नव्हतं. वसतिगृहातली पोरं हसायची म्हणून त्यानं तो कधीतरी काढून टाकला होता, हे मित्रांकडून नंतर कळलं. घाटावर तेव्हा दादाजींनी कात्री तशीच कोपरीच्या खिशात घातली. आणि अशा गोष्टींना पाय फुटतात, त्याप्रमाणे ती लक्ष्मणरावांच्या आधी घरी पोहोचली. ते ओल्या कपड्यांनी अंगणात आले तेव्हा राधाबाईनं एवढंच विचारलं, “त्याची कमर मोकळी होती काय?” आणि त्या क्षणी, का कोण जाणे, लक्ष्मणरावांचं डोकं फिरलं. साऱ्या बायकांसमोर ते ओरडले, “धाग्यानं माणूस जगत असता तं कोष्ट्याच्या घरी कोनी मेलंच नसतं!”

त्यानंतर दोघं त्या विषयावर भांडली नाहीत. भांडली असती तर बरं झालं असतं. राधाबाई दर पोळ्याला नवा करगोटा वळायची, लक्ष्मणराव सदरा वर धरून उभे राहायचे, ती आधी नवा बांधायची, जुन्यातला ताईत काढून नव्यात ओवायची आणि मग जुना तोडायची. पण घरी कोणी आलं, गेलेल्या पोराचा विषय निघाला, की ती भाजीत मीठ टाकावं तितक्या सहज सांगायची, “त्यानं करगोटा काढला होता.” ऐकणारी बाई ‘अगं बाई’ म्हणायची आणि विषय तिथेच संपायचा. पोरगा का गेला असं राधाबाईनं कधी कोणाला विचारलं नाही, देवालाही नाही. इतर आया भिंतीला डोकं आपटतात, ज्योतिषाकडे जातात, तिनं तसलं काही केलं नाही. तिच्याजवळ उत्तर होतं. आणि त्या उत्तराची लक्ष्मणरावांना मनापासून चीड होती. त्यांना वाटायचं, ही रोज त्या पोरावर आळ घेते. ट्रकवाला सुटला, रस्ता सुटला, नशीब सुटलं, आणि दोष कोणाचा, तर लाजेपायी एक दोरा तोडणाऱ्या पोराचा. कधीतरी हिला दाखवून द्यावं की त्यात काही नव्हतं, असं त्यांच्या मनात येई. पण दाखवणार कसं? आपल्या कमरेचा तोडून उभं राहायला त्यांना कोणी अडवलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यांनी ते केलं नव्हतं, ही गोष्ट मात्र ते स्वतःशीही उघड बोलत नसत.

आणि आता सेंटरातली पोरगी तेच करायला सांगत होती. त्या संध्याकाळी घरी आल्यावर राधाबाईनं विचारलं, दुकानात कोणाचा फोन होता? सानगडीच्या बायकांनी जाता जाता घराशी पाणी पिताना सांगितलं असावं. “नागपूरचा यापारी,” ते म्हणाले. दुसरं खोटं पहिल्याहून सोपं गेलं. जेवताना त्यांचं लक्ष सारखं कमरेकडे. बसलं की ताईत पोटाच्या वळीत रुते, उठलं की घसरून मागे जाई. इतकी वर्षं तो तिथे आहे हे त्यांना जाणवलंही नव्हतं, आणि आता दुसरं काही जाणवत नव्हतं. सकाळी न्हाणीचं दार लावून त्यांनी आधी तो वर सरकवून पाहिला. छातीपर्यंत गेला असता तर प्रश्नच मिटला असता. पण गोळ्यांनी पोट सुटलेलं, गोफ बरगड्यांच्या खालीच अडकला. खाली ढकलला तर खुब्यावर येऊन बसला, आणि खुबाही मोजायचा होताच. मग त्यांनी गाठीला नख लावलं. गाठ राधाबाईची, विणणाऱ्याच्या घरातली, ती काय सुटते. पण खरी गोष्ट अशी की त्यांनी जोर लावलाच नाही. नख गाठीत शिरलं, गोफ किंचित सैल झाल्यासारखा वाटला, आणि त्यांच्या छातीत एकदम धडधड सुरू झाली. श्वास वर वर यायला लागला. भिंतीला धरून ते उभे राहिले आणि आई आठवली, त्यांच्या आधीची दोन लेकरं गमावून बसलेली, यानं तरी जगावं म्हणून हा चांदीचा तुकडा ओवून घेणारी. म्हणजे आपण भितो तर. सगळ्या आळीसमोर बायकोवर ओरडलेला माणूस, गणपतीच्या मंडपात अंधश्रद्धेवर भाषण देणारा माणूस, न्हाणीत दोऱ्याला भिऊन घामाघूम झाला होता. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली आणि त्या लाजेपाठोपाठ राग आला, आणि तोही राधाबाईचाच आला. “अजी, काय झालं? किती वेळ?” तिनं बाहेरून विचारलं. “काही नाही,” ते म्हणाले. “साबण डोळ्यात गेला.”

मग ते दिवस ढकलत राहिले. पायरी उतरताना भिंत धरायची, खोकला आला की कमरेवर हात ठेवायचा, दुकानातली गाठोडी नोकराला उचलायला सांगायची. खुबा थोडा कमजोर आहे, पण इंजेक्शन लागेल इतका नाही, हे मशीननंच सांगितलं होतं. कण्याचं खरं काय ते मात्र त्या चांदीच्या तुकड्याआड दडलेलं. कधी वाटे, आहे तोच आकडा बरा, तरण्या माणसाचा. कोणी विचारलं तर सांगता येतो. डॉक्टरांनी कणा चांगला धरला, इंजेक्शन दिलं नाही, तर काय बिघडलं? आणि मग पाठीत कळ येई, आईची खाट डोळ्यांसमोर येई, ते जागच्या जागी ताठ होऊन बसत. नुसतं बसणंसुद्धा त्यांना आता जोखमीचं वाटायला लागलं होतं. काचेचं सामान भरलेल्या खोक्यासारखे ते स्वतःला इकडून तिकडे नेत होते. राधाबाई सारं पाहत होती. एक दिवस ते दुकानातून जेवायला आले तर ताट वाढून ठेवलेलं आणि ती समोर बसलेली, हातात त्यांचा घरी राहिलेला फोन. “त्या पोरीचा फोन आला होता,” ती म्हणाली. “रडकुंडीले आली बिचारी. तिले वाटते तुमी रागावले. मले सांगितलं तिनं सारं.” लक्ष्मणरावांनी घास तोंडात घातला. आता ती काय बोलेल याची त्यांनी मनात हजार वेळा तालीम केली होती. रडेल, नाही म्हणेल, अंकुशचं नाव काढेल, आणि मग आपण पुन्हा ओरडू. पण राधाबाई म्हणाली, “येवढंच होतं तं सांगाचं नाही का? मी साधा सुती धागा वळून ठेवतो. पहिले तो बांधाचा, मंग हा तोडाचा. सूत मशीनमंदी नाही दिसत, विचारलं मी तिले. उद्या सकाळी जाऊ.” एवढं बोलून तिनं त्यांच्या ताटात वरण वाढलं. इतक्या दिवसांचं भय तिनं दोन वाक्यांत निकालात काढलं होतं, आणि लक्ष्मणरावांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, थोडा वेळ. मग त्या सुटकेच्या खालून काहीतरी कडवट वर आलं. म्हणजे हिच्या हिशेबानं दोरा हवाच. म्हणजे अंकुशनं नुसता एक सुती धागा ठेवला असता, तर तो आज असता. आपण उद्या हिचा धागा बांधून मशीनखाली झोपणार, म्हणजे तिच्या त्या उत्तरावर सही करणार.

सकाळी राधाबाई चांगलं लुगडं नेसली, जणू कोणाच्या घरी निघाली. दोघं ऑटोत बसली. तिच्या मुठीत पांढऱ्या सुताची वळलेली लडी होती. सेंटरात तेजस्विनी त्यांना पाहून उठून उभी राहिली. “काका, चूक माझीच झाली. मी नीट पाह्यलं असतं तं तुमाले दुसरी चक्कर नसती मारा लागली.” “तुझी कायची चूक,” लक्ष्मणराव म्हणाले. तिनं पडदा ओढला, एक छोटी कात्री राधाबाईच्या हाती दिली आणि बाहेर गेली. पडद्याआड जागा इतकी थोडी की दोघांना एकमेकांचा श्वास लागत होता. लक्ष्मणरावांनी सदरा वर धरला. पोळ्यासारखाच. राधाबाई पांढरा धागा घेऊन वाकली, तो त्यांच्या पाठीमागून आणायला तिनं हात पसरले, आणि लक्ष्मणरावांनी तिचं मनगट धरलं.

“नको,” ते म्हणाले.

“काय नको?”

“धागा नको. मोकळीच राहू दे.”

राधाबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं. तिचा चेहरा त्या दिवशी अंगणात होता तसा झाला. “असं कायले बोलता हो? सूत तं आहे. दिसत नाही म्हणते ते पोरगी.”

“दिसत नाही ते ठाऊक आहे मले. तरी नको.” त्यांनी तिचं मनगट सोडलं नाही. “तुयं म्हणणं आहे नं, कमर मोकळी केली म्हणून पोरगा गेला. पंधरा वर्सं ऐकून राहिलो. आलेल्या-गेलेल्याले सांगत राहते तू. मंग आज पाहूनच घेऊ. मी तं म्हातारा आहो, छातीचा रोगी आहो. मले काही व्हाले किती वेळ लागते?”

“मी पाया पडतो तुमच्या,” राधाबाई म्हणाली, आणि खरंच वाकली. लक्ष्मणरावांनी तिला खांद्याला धरून उभं केलं. पण आता मागे फिरलो तर पुन्हा कधीच होणार नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिच्या हातातून कात्री घेतली, गोफ बोटानं अंगापासून दूर ओढला आणि तोडला. आवाज अगदी बारीक आला. ताईत फरशीवर पडला तो राधाबाईनं झडप घालून उचलला आणि पदराखाली धरला. तिनं त्यांच्याकडे वर पाहिलं नाही. पडदा बाजूला सारून ती बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

टेबल गार होतं. तेजस्विनीनं त्यांच्या पायांखाली ठोकळा सरकवला, पाय नीट केले आणि म्हणाली, “काका, आता बिलकूल हलाचं नाही. खोकलासुद्धा नका.” मशीनचा हात डोक्याच्या बाजूनं निघाला आणि त्यांच्या अंगावरून अगदी संथ सरकायला लागला. लक्ष्मणरावांनी डोळे मिटले. कमरेभोवती एक पट्टा जळत असल्यासारखा वाटत होता. जिथे काही नव्हतं तिथेच सगळं काही जाणवत होतं. अंकुशला पहिल्या दिवशी असंच वाटलं असेल का? का हलकं वाटलं असेल, आरशासमोर उभा राहून हसला असेल? त्याची ती गुळगुळीत कमर त्यांच्या तळहातात परत आली, त्या थंडपणासकट, आणि त्याच वेळी घशात खाजलं. खोकला. त्यांनी गिळला. तो परत आला, खालून, छातीच्या तळातून, रोजचा. त्यांनी दात आवळले. श्वास बाहेर सोडता येईना, आत घेता येईना. कपाळावर घाम फुटला. कानात गरगर सुरू झाली, मिटल्या डोळ्यांआड काळं पसरलं, आणि त्या काळ्यात एकच विचार लख्ख राहिला: आता मेलो, तर ही खरी ठरली. आपण इथे या टेबलावर गेलो, तर जन्मभर ती दोन नावं घेऊन सांगत बसेल. म्हणून नाही मरायचं. जगायची इच्छा त्यांना एरवी कधी एवढी झाली नव्हती, आणि तीही जगण्यासाठी नव्हती, एका भांडणासाठी होती. तरीही, किंवा त्यामुळेच, ती फार जोराची होती. त्यांनी जीभ टाळूला लावून धरली. ओठांच्या फटीतून हवा थोडी थोडी जाऊ दिली. मशीनचा हात कण्यावरून गेला, थांबला, परत फिरला, खुब्यावर आला. “झालं काका,” तेजस्विनी म्हणाली, आणि लक्ष्मणराव टेबलाला गच्च धरून मनसोक्त खोकले.

डोळ्यांतलं पाणी पुसून ते उठायला लागले तशी ती धावत आली. “असं नाही, असं नाही. कुशीवर वळा पहिले. वाकू नका.” तिच्या आवाजावरूनच त्यांना कळलं. “कमी आला?” “लई कमी, काका,” ती म्हणाली. “चारही मणके सारखेच आले आता. खुब्याहून खाली आहे. डॉक्टर सांगतीन तुमाले, पण इंजेक्शन लागनच. बरं झालं पुन्हा केलं.” पंचविशीतल्या माणसापासून आपण किती खाली आलो, ते तिनं पडद्यावर दाखवलंही; हिरव्या पट्ट्याच्या, पिवळ्या पट्ट्याच्याही खाली, लालमध्ये एक छोटी खूण. लक्ष्मणरावांनी ती पाहिली आणि त्यांना आनंद झाला. वेड्यासारखा आनंद. कणा पोकळ निघाला होता, उद्या जोरात शिंकलं तरी मणका दबायची भीती, आणि ते सदऱ्याची बटणं लावताना हसत होते. खरा आकडा कळला होता, इलाज आहे असं पोरगी म्हणत होती, आणि कमर मोकळी असून ते दोन पायांवर उभे होते. जिंकल्यावर माणूस जसा चालतो तसे ते दाराकडे निघाले, फक्त भिंत धरून.

राधाबाई बाकाच्या टोकाला बसली होती. पांढरा धागा तिनं बोटाला इतका गच्च गुंडाळला होता की बोटाचं टोक काळंनिळं पडलं होतं. दार उघडल्याचा आवाज ऐकूनही तिनं मान लगेच वर केली नाही. लक्ष्मणराव तिच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. “पाह,” ते म्हणाले. “पाह माझ्याकडं. काय झालं? काही झालं काय? आहो नं मी?” राधाबाईनं वर पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत तिनं त्यांना पाहून घेतलं, हात लांबवून त्यांच्या पोटाला लावला, सदऱ्यावरून कमर चाचपली, एकीकडून दुसरीकडे. काही नव्हतं तिथे. “आहा तुमी,” ती म्हणाली. “आहा.” तिच्या चेहऱ्यावर सुटका आली, ओठ हलले, देवाचं नाव घेतलं असावं. आणि मग त्यांच्या डोळ्यांदेखत त्या चेहऱ्यावरून काहीतरी ओघळायला लागलं. गेली पंधरा वर्षं ज्याच्या आधारानं तो उभा होता, ते निघून जात होतं. लक्ष्मणरावांचं हसू तोंडावरच राहिलं. त्यांना तिला थांबवायचं होतं, म्हणायचं होतं की योगायोग असेल, मी म्हातारा आहे म्हणून सुटलो, म्हाताऱ्यांचं वेगळं असतं, काहीही. ते सांभाळून, न वाकता, तिच्या शेजारी बाकावर बसले. राधाबाईचा हात अजून त्यांच्या मोकळ्या कमरेवर होता.

“मंग,” ती म्हणाली, “आपला अंकुश कायले गेला हो?”